तेरा जीबीचा एक तास

एका तासाला तेरा जीबी. मिनी डीव्ही कॅसेटवरचं चित्रीकरण कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं की ते एवढी जागा खातं, हे मला २००७ साली होळीच्या सुट्टीत समजलं. आमच्या डोंबिवलीच्या घरातल्या पीसीची हार्ड डिस्क होती चाळीस जीबीची, त्यातली निम्मी आधीच भरलेली. आणि गावाहून आणलेल्या कॅसेटी होत्या अकरा.

त्या अकरा कॅसेटींत तीन रात्रींचे दशावतार होते, कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेतले. मामेभावाने हौसेने हँडिकॅम घेतला होता. २००४ पासून सलग तीन वर्षं तो देवळाच्या मंडपात खांबाला पाठ टेकून रात्र रात्र उभा राहिला होता. मामा राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका, करायचा. दिवसा शेती आणि रात्री कपाळावर मळवट, अंगात भरजरी अंगरखा, कमरेला तलवार. पायपेटी (पायाने भाता मारायची पेटी) आणि पखवाज सुरू झाला की दिवसभर गुडघे दुखतात म्हणणारा हाच माणूस, हे खरं वाटायचं नाही.

दशावतार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणतं करायचं ते ठरतं, कोण कुठल्या प्रवेशात येणार ते ठरतं. संवाद मात्र उभं राहिल्यावर सुचतात. समोरच्याने टाकलेल्या शब्दाला जागेवर उत्तर द्यायचं. त्यामुळे आज या गावात जे बोललं गेलं ते उद्या शेजारच्या गावात तेच आख्यान असलं तरी बोललं जात नाही. पहाटे दहीकाला झाला की ते संवाद संपले. कुठल्या वहीत नाहीत, कुठे छापलेले नाहीत. आमच्याकडे त्या तीन रात्री होत्या त्या फक्त पाव इंच रुंदीच्या फितीवर.

आणि फितीला कोकणातला पाऊस मानवत नाही. चार महिन्यांच्या दमट हवेत लाकडी कपाटातल्या कपड्यांना वास येतो, चपलांवर बुरशी चढते, तिथे कॅसेटचं काय. दोन कॅसेटींच्या खिडकीतून पांढरे ठिपके दिसायला लागले होते. म्हणून सगळ्याच्या डीव्हीडी करून ठेवायच्या असं ठरलं, आणि घरच्या पीसीला परवडेल असा डीव्हीडी रायटर, म्हणजे कोऱ्या डिस्कवर माहिती उमटवणारा ड्राइव्ह, शोधणं माझ्याकडे आलं.

तोवर आमच्याकडे डीव्हीडी नुसती वाचणारा कॉम्बो ड्राइव्हसुद्धा नव्हता. साधा सीडी रायटर होता, सातशे एमबीचा. एका कॅसेटचं चित्रीकरण नीट दाबून, म्हणजे एमपेग-२ मध्ये बदलून घेतलं, तरी चांगल्या दर्जाचा एक तास साडेतीन-चार जीबीच्या खाली येत नाही. सीडीवर ते पाच-सहा तुकड्यांत जाईल. डीव्हीडीवर ४.७ जीबी बसतं, म्हणजे एक कॅसेट, एक डिस्क. (कॉम्प्युटर तेच ४.३७ दाखवतो. हजारने मोजणं आणि १०२४ ने मोजणं यातला हा फरक आहे. कुणी फसवत नाही, पण ऐनवेळी फाइल थोडक्यासाठी बसत नाही तेव्हा जीव जातो.)

शनिवारी अर्धा दिवस होता. डोंबिवलीहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, आणि पुलावरून उतरून लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं आहे, पण कॉम्प्युटरचा पार्ट घ्यायला निघालेला माणूस लॅमिंग्टन रोडलाच जातो. तिथे दर विचारत फिरायचं तर पहिल्या दुकानात कधीच घ्यायचं नाही, हे वडिलांनी भाजी घेताना शिकवलं होतं ते इथेही लागू पडतं. चार दुकानांत विचारल्यावर चित्र स्पष्ट झालं. कॉम्बो ड्राइव्ह, म्हणजे डीव्हीडी फक्त वाचणारा आणि सीडी तेवढ्या राइट करणारा, हजाराच्या आसपास. डीव्हीडी रायटर सोळाशे ते अठराशे. लाइटस्क्राइब असलेला, म्हणजे डिस्कच्या वरच्या बाजूवर लेझरने चित्र उमटवणारा, त्याहून तीनशेने महाग. बाहेरून यूएसबीला लावायचा तर दुपटीच्याही पुढे.

अजूनही कुणी मला विचारलं तर मी हेच सांगेन, की कॉम्बोत वाचवलेले सहाशे रुपये हे वाचवलेले नव्हेत. बाकी मात्र जितकं स्वस्तात मिळेल तितकं घ्यावं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या गोष्टींपैकी फार थोड्या घरच्या माणसाच्या कामाच्या होत्या. वेगाचंच घ्या. डीव्हीडीचा एकएक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८ एमबी. त्या वर्षी दुकानात १६एक्स, १८एक्स, २०एक्स असे रायटर होते आणि प्रत्येक पायरीला शंभर-दीडशे रुपये जास्त. पण तो वेग डिस्कच्या बाहेरच्या कडेला पोचल्यावरच येतो, आतल्या बाजूला रायटर निम्म्याहून कमी वेगाने चालत असतो. पूर्ण डिस्कला १६एक्सने सहा मिनिटं लागली तर १८एक्सने साडेपाच. शिवाय कोऱ्या डिस्कच मुळात १६एक्सपर्यंतच्या. अर्ध्या मिनिटासाठी कोण पैसे मोजतो?

दुहेरी थराच्या डिस्कचंही तसंच. ८.५ जीबी ऐकायला छान वाटतं, पण तेव्हा ती एक डिस्क शंभराच्या वर होती आणि साधी दहा-बारा रुपयांना. दोन साध्या डिस्कवर तेच बसतं.

प्लस आणि मायनस या भानगडीने मात्र मला खरोखर थांबवलं. मायनस, म्हणजे डीव्हीडी-आर, हा प्रकार पायोनियरने १९९७ मध्ये आणला, तो डीव्हीडी फोरम या कंपन्यांच्या संघटनेने मान्य केलेला. सोनी, फिलिप्स आणि त्यांच्याबरोबरच्या कंपन्यांनी नंतर स्वतःचा प्लस, म्हणजे डीव्हीडी+आर, काढला. दिसायला दोन्ही सारख्या. सुरुवातीला रायटरही एका प्रकारचाच असायचा. २००७ पर्यंत स्वस्तातला स्वस्त रायटरही दोन्ही राइट करत होता, त्यामुळे रायटर निवडताना हा प्रश्न उरलेला नव्हता. प्रश्न होता गावच्या घरातल्या डीव्हीडी प्लेअरचा. तो जुना होता आणि प्लस डिस्क टाकली की "नो डिस्क" म्हणायचा. मामाला टीव्हीवरच बघायचं होतं. म्हणून मायनस. रायटर निवडताना डिस्क शेवटी कुठल्या यंत्रात फिरणार आहे याचा विचार आधी करावा, हे मला त्या दिवशी काउंटरवर उभ्या उभ्या सुचलं.

एलजी, सोनी, सॅमसंग, लाइट-ऑन, या चारांतला कुठलाही चालला असता. मी एलजी घेतला, सोळाशे पन्नासला, कारण सर्व्हिस सेंटर डोंबिवलीपासून जवळ होतं आणि खोक्यात डिस्क राइट करायच्या नीरो या प्रोग्रॅमची सीडी होती. तो रायटर पुढे सात वर्षं चालला.

बसवणं हे अर्ध्या तासाचं काम. कॅबिनेटचं झाकण काढायचं, पुढची पट्टी आतून ढकलून पाडायची, ड्राइव्ह समोरून सरकवायचा, दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू. आमचा मदरबोर्ड जुना, त्यामुळे रुंद पट्टीची आयडीई केबल. इथे एक गोष्ट मी सांगितल्याशिवाय राहणार नाही. हार्ड डिस्क आणि रायटर एकाच केबलवर लावू नका. एकाच केबलवरची दोन यंत्रं आळीपाळीने बोलतात. हार्ड डिस्कवरून वाचून रायटरकडे पाठवताना मग दर क्षणी एकाला थांबावं लागतं. रायटर दुसऱ्या केबलवर, मागचा जंपर (केबलवरचं स्थान ठरवणारी छोटी टोपी) मास्टरवर, म्हणजे पहिल्या स्थानावर. आणि विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून तो चॅनेल डीएमए या जलद पद्धतीवर आहे ना ते बघायचं. केबल सैल असली आणि काही वेळा चुका आल्या की विंडोज स्वतःहून पीआयओ या संथ पद्धतीवर उतरतं आणि मग सोळाएक्सचा रायटर रांगायला लागतो. आमच्या इमारतीत दोघांनी याच कारणाने चांगले रायटर बदलून आणले होते.

एवढं सगळं मी नीट केलं. मग डिस्क आणायला गेलो आणि तिथे चुकलो.

स्टेशनबाहेरच्या एका दुकानात पन्नासचा डबा होता, वर कुठलंच नाव नाही, साडेतीनशेला. म्हणजे सात रुपयांना एक. तेव्हा नोएडाच्या मोझर बेअरच्या डिस्क कुठेही मिळायच्या, दहा-बारा रुपयांना. जगातल्या मोठ्या डिस्क बनवणाऱ्यांत ती कंपनी होती. आत अझो नावाचं रंगद्रव्य असलेल्या व्हर्बॅटिम आणखी महाग. मी मनाशी हिशेब केला. अकरा कॅसेटी, प्रत्येकीच्या दोन प्रती, बावीस डिस्क, उरलेल्या फोटोंना. दीडशे-अडीचशे रुपये वाचले. डब्यावर "लाइफटाइम" असं छापलेलं होतं.

कॅसेट उतरवायला दुसरी वाट नसते. तासाची कॅसेट, तास लागतोच. हँडिकॅम पीसीतल्या फायरवायर कार्डाला (कॅमेरा जोडायच्या सोयीला) जोडायचा, प्ले करायचं, आणि बसून राहायचं. एक उतरवली की दाबायची, राइट करायची, तपासायची, हार्ड डिस्कवरून पुसायची, मग दुसरी. त्यात भारनियमन. २००७ मध्ये डोंबिवलीत रोज तीन-चार तास वीज जायची. वेळापत्रक होतं, पण वीज ते पाळायची नाही. रायटरला बफर अंडररनपासून वाचवायची सोय असते, डेटा वेळेवर आला नाही तर तो थांबतो आणि जिथे सोडलं तिथून पुढे राइट करतो. पण वीजच गेली तर डिस्क गेली. यूपीएसची बॅटरी दहा मिनिटं टिकायची. त्यामुळे वेग ठरवताना माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. चारएक्सने पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे यूपीएसच्या पलीकडे. आठएक्सने आठ-नऊ, म्हणजे वीज गेली तरी शेवट गाठता येतो.

तेव्हा मी आठएक्स निवडला तो बॅटरीसाठी. तोच बरोबरही होता हे नंतर कळलं. जितकं हळू तितकं चांगलं, असं पुष्कळजण सांगतात. ते अर्धंच खरं आहे. कारखान्यातल्या डीव्हीडीवर असतात तसे खरे खड्डे घरी राइट केलेल्या डिस्कवर पडत नाहीत. आत सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो, लाल लेझर त्यावर ठिकठिकाणी डाग पाडतो, आणि वाचताना तेच डाग खड्ड्यांसारखे वागतात. १६एक्ससाठी बनवलेला रंग जलद तापेल असा केलेला असतो. त्यावर फार हळू चाललं तर डागांच्या कडा धड उमटत नाहीत. छापलेल्या वेगाच्या निम्म्याने राइट करावं, हा माझा अनुभव आहे आणि त्यात मला कधी पस्तावायला लागलं नाही.

मेच्या सुट्टीत डिस्क घेऊन गावी गेलो. पहिली डिस्क लागली तेव्हा ओटीवर पंचवीस माणसं होती. संकासुर राक्षस आला तसा पोरांनी गलका केला. मामा आपलीच भूमिका बघताना एकदाही हसला नाही, स्वतःचं वाक्य संपलं की मान हलवायचा, बरोबर आलं का नाही ते तपासल्यासारखा. रात्री जेवताना त्याने डिस्क हातात घेऊन दिव्याखाली धरली. खालची जांभळी बाजू, त्यात राइट झालेला भाग थोडा वेगळा दिसतो, गोल कड स्पष्ट कळते.

"ह्यां किती वर्सां टिकतलां?" त्याने विचारलं.

"आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त," मी म्हटलं.

माझ्या या वाक्यावर भरवसा ठेवून मामाकडच्यांनी कॅसेटी पुन्हा वापरल्या. त्यात त्यांची काहीच चूक नाही. मिनी डीव्ही कॅसेट शंभर-सव्वाशेला यायची, आणि चित्रीकरण डिस्कवर आलेलंच होतं. तिसऱ्या रात्रीच्या शेवटच्या कॅसेटवर मामेभावाच्या मुलाचं बारसं आहे.

२०१० च्या दिवाळीत त्याच शेवटच्या कॅसेटची डिस्क गावी लावली आणि शेवटाकडे चित्र चौकड्याचौकड्यांचं झालं, मग गोठलं. दुसरी प्रत माझ्याकडे होती. डोंबिवलीला आल्यावर लावली. तीही तिथेच थांबली. शेवटची अकरा मिनिटं.

शेवटचीच का, हे समजून घ्यायला मला वेळ लागला. डीव्हीडी आतून बाहेर राइट होते. सुरुवात मधल्या भोकाजवळ, शेवट कडेला. आणि डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, रंगाचा थर मध्ये. चिकटवणं स्वस्तातलं असलं की कडेकडून हवा आणि ओल आत शिरते. रंगही कडेलाच असमान पसरलेला असतो. डिस्कवर उमटलेल्या ओळींमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन, सीडीत ते १.६ असतं. थोडंसं बिघडलं तरी पुष्कळ जातं. म्हणून अशा डिस्क मरतात त्या बाहेरून आत. डिस्क राइट करणाऱ्याने चित्रपट किंवा नाटक भरलं असेल तर शेवट आधी जातो. राजाचं शेवटचं स्वगत त्या अकरा मिनिटांत होतं.

त्या दिवसापासून मी डिस्क विकत घेताना नाव बघत नाही, डिस्कला विचारतो. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर ती बनवणाऱ्याचा कोड आधीच कोरलेला असतो आणि छोटासा मोफत प्रोग्रॅम तो वाचून दाखवतो. एमसीसी म्हणजे मित्सुबिशी, टीवायजी०२ म्हणजे जपानची तायो युदेन, एमबीआयपीजी म्हणजे मोझर बेअर. खोक्यावरचं नाव एक आणि आतला बनवणारा दुसराच, असं सर्रास असतं. माझ्या सात रुपयांच्या डिस्कवरचा कोड कुठल्याच यादीत सापडला नाही. उरलेले सगळे दशावतार मी त्याच महिन्यात चांगल्या डिस्कवर पुन्हा घेतले, कडेचा अर्धा सेंटिमीटर मोकळा सोडून. चार जीबीच्या पुढे भरायचंच नाही. वर कागदी स्टिकर नाही, त्याने डिस्क एका बाजूला जड होते, आणि सोळाएक्सला डिस्क मिनिटाला नऊ हजारांहून अधिक फेरे घेते. नाव लिहायचं ते मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या मार्करने.

दुसरी गोष्ट जी मला रायटर घेताना कुणी सांगितली नव्हती ती ही, की रायटर हा वाचणाराही असतो, आणि सगळे सारखं वाचत नाहीत. एकाला जी डिस्क मेलेली वाटते ती दुसरा अडखळत का होईना वाचतो. एका मित्राच्या जुन्या पीसीत लाइट-ऑन होता. खराब डिस्कवर तो आमच्या ड्राइव्हपेक्षा चिवट निघाला. मी डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम वापरला. तो वाचता येतं तेवढं आधी घेतो, कुठली जागा राहिली त्याची नोंद ठेवतो, आणि मग राहिलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. ती नोंद आणि डिस्क घेऊन दुसऱ्या पीसीकडे गेलं तर तो राहिलेलंच वाचायला घेतो. डीव्हीडीत चुका दुरुस्त करण्याची सोय बत्तीस केबीच्या गठ्ठ्यांत असते, गठ्ठा एकतर पूर्ण मिळतो नाहीतर पूर्ण जातो. मी दोन्ही प्रती तीन ड्राइव्हमधून फिरवल्या. एक रात्र तर यंत्र चालूच ठेवलं होतं. अकरातली सात मिनिटं मिळाली.

आता लॅपटॉपला ड्राइव्हच येत नाही. गेल्या वर्षी मी यूएसबीचा पातळ रायटर घेतला. डीव्हीडीवर आठएक्सच्या पुढे तो जातच नाही, मला तेवढंच हवं होतं. घ्यायचा असेल तर केबलला दोन यूएसबी टोकं असलेला बघा, एका पोर्टची वीज राइट करताना काही लॅपटॉपना पुरत नाही. चतुर्थीला तो घेऊन गावी गेलो.

मामाने राजपार्ट सोडून पाच वर्षं झाली. मामेभावाचा मुलगा, ज्याचं बारसं त्या कॅसेटवर आहे, तो आता स्त्रीपार्ट करतो आणि त्याला आजोबांचं ते स्वगत बघायचं होतं. लॅपटॉप ओटीवर ठेवला. मामा जवळ येऊन बसला. राजा सिंहासनावरून, म्हणजे साध्या बाकावरून, उठतो आणि म्हणतो, "प्रधानजी, राज्य द्यायला हात पुढे येतो, पण..." आणि तिथे चौकड्या. सातवं मिनिट संपलं.

"फुडे काय म्हटलेलंस?" मामेभावाने विचारलं.

मामा थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला. "त्या रात्रीचां त्या रात्रीक गेलां."

मग तो बसल्या जागी ताठ झाला. मालवणी गेली, गळ्यातून तो जुना खणखणीत राजाचा आवाज निघाला. "प्रधानजी, राज्य द्यायला हात पुढे येतो, पण ज्या हाताने त्याला चालायला शिकवलं तोच हात आज त्याच्या पायांत बेड्या घालणार आहे." आतून मामी दारात येऊन उभी राहिली. पोराने मोबाइल काढेपर्यंत वाक्य संपलं होतं.

"आजोबा, परत एकदा," तो म्हणाला, मोबाइल धरून.

मामाने पुन्हा सुरुवात केली, आणि "पण" नंतर तो तिसरंच काहीतरी बोलला.